विकत घेतले, पण आपले झाले काय?

इंदूरच्या खजुरी बाजारातून आपण एखादे पुस्तक विकत घेतो. वाचून झाल्यावर ते मित्राला द्यावे, धाकट्या भावासाठी ठेवावे की रद्दीत घालावे, हे आपण प्रकाशकाला विचारीत नाही. पैसे मोजले की वस्तू आपली झाली, असा हा साधा व्यवहार आहे. संगणकावरील खेळालाही हाच न्याय लागू पडतो काय, याचा थोडा विचार मला येथे करावयाचा आहे.

प्रथम निर्मात्याची बाजू पाहू. खेळाची नक्कल काही मिनिटांत होते आणि ती मुळाइतकीच चांगली असते. चोरीमुळे निर्मात्याचे कष्ट वाया जातात, म्हणून त्याने खेळाला कुलूप घातले, यात गैर काही नाही. आरंभीची कुलपे गमतीदार होती. १९९० साली डॉसवर आलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त सोबतच्या पुस्तिकेतील सांगितलेला शब्द शोधून त्याचे पहिले अक्षर ओळखावे लागे. पुस्तिका जवळ नसेल तर पुढची वाट बंद!

पुढे सीडी आल्या. ‘सेफडिस्क’सारखी कुलपे तबकडी अस्सल आहे की नाही हे तपासू लागली. परंतु २०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव या कुलपाला थारा मिळाला नाही आणि पैसे देऊन घेतलेल्या अस्सल तबकड्याही अडून बसल्या. अशी एक तबकडी माझ्याकडेही आहे. तिच्यावर ओरखडासुद्धा नाही, पण नव्या संगणकावर ती चालत नाही.

त्यानंतर कुलपाची किल्ली कंपनीच्या दूरच्या संगणकावर गेली. २००८ च्या ‘स्पोअर’ या खेळाला प्रथम तीनच संगणकांची परवानगी होती. ग्राहकांनी ओरड केल्यावर ती पाच झाली. ‘द क्रू’ हा खेळ २०१४ साली बाजारात आला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याची यंत्रणा बंद केली आणि खेळ थांबला. एकट्याने खेळण्याचीही सोय उरली नाही.

आपला कायदा काय सांगतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार, प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास ती नष्ट वा खराब होण्याच्या भीतीने जादा प्रत करून ठेवता येते. २०१२ साली कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘हेतूने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्याने मना न केलेल्या कामाला हे कलम आड येत नाही. मात्र कंपनीने ग्राहकाला किल्ली द्यावी, असे ते कोठेच म्हणत नाही. म्हणजे हक्क आपला, किल्ली दुसऱ्याची!

याहून मोठी विसंगती पुढेच आहे. मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि आंध्र प्रदेश सरकार यांच्यातील विक्रीकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २००४ रोजी निर्णय दिला की, बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर हा ‘माल’च होय. म्हणजे कर घेताना तो माल. आणि ग्राहकाने तो पुन्हा विकू म्हटले की कंपनी म्हणते, ‘आम्ही माल विकलाच नाही, वापरण्याचा परवाना दिला.’ एकाच वस्तूला दोन मापे लावणे न्यायाचे कसे म्हणावे?

कॅलिफोर्नियाने यावर एक पाऊल टाकले आहे. केवळ परवाना देत असाल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ असे म्हणू नका, असा तेथील कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही कल्पना आहे. योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार संपविण्याची मुभा देणारी, ग्राहकाच्या हक्कांत मोठा फरक पाडणारी अट तीत मोडते. अशा कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते.

चोरीचे समर्थन मी करीत नाही. परंतु कुलूप चोरासाठी असावे, घराच्या धन्यासाठी नव्हे. कंपनीला खेळ बंद करावयाचा असेल, तर जाताना तिने किल्ली ग्राहकाच्या हाती द्यावी, एवढी मागणी रास्त आहे. आणि विद्यार्थी मित्रांनो, ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी आपण काय मान्य करीत आहोत, तेवढे अवश्य वाचा.