थ्री नॉट थ्री ते एसएलआर

१९६२च्या चीन युद्धात नेफा (आजचा अरुणाचल) आणि लडाखमध्ये आपले जवान लढले ते बहुतांशी थ्री नॉट थ्री घेऊन. ही ली-एनफिल्ड रायफल भरवशाची होती, नेमही पक्का; पण दर गोळीनंतर बोल्ट मागे ओढायचा, पुढे सारायचा आणि पुन्हा नेम धरायचा. चिन्यांकडे मात्र घोडा दाबला की पुढची गोळी आपसूक चढणाऱ्या रायफली होत्या. पराभवाचं खापर एकट्या रायफलीवर फोडता येणार नाही. रस्ते नव्हते, गरम कपडे नव्हते, वरचे निर्णयही चुकले. तरी शस्त्र जुनं होतं, हे खरंच.

बेल्जियमच्या एफएन कंपनीची एफएएल रायफल लष्कराच्या नजरेत भरली होती. कंपनीशी अटी मात्र जुळेनात. मग निरनिराळ्या देशांत बनलेले नमुने अभ्यासून आपली आवृत्ती तयार झाली. १९६३पासून बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती बनू लागली. हीच आपली एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल: ७.६२ मि.मी.चं काडतूस, २० गोळ्यांचं मॅगझिन. दाबासरशी एकच गोळी, सलग मारा नाही. मला ही निवड शहाणपणाची वाटते. एवढ्या ताकदीच्या काडतुसाचा सलग मारा केला की नळी वर उसळते आणि गोळ्या वाया जातात. डोंगरात त्या जवानाच्याच पाठीवरून वर चढलेल्या असतात. गॅस कमी-जास्त करायची कडी तर फार कामाची. काजळी धरून रायफल अडखळू लागली, की कडी फिरवून पिस्टनला जास्त गॅस द्यायचा, की झालं.

१९६५च्या पाकिस्तान युद्धात बऱ्याच पलटणींकडे अजून जुनीच रायफल होती. १९७१ची लढाई मात्र एसएलआरची. पुढे १९८७मध्ये श्रीलंकेच्या दाट झाडीत, एके-४७ घेतलेल्या तमिळ वाघांसमोर (लिट्टे), मीटरभराहून लांब आणि चार किलोंहून जड रायफल अडचणीची ठरली. पुण्याच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेत घडलेली ५.५६ मि.मी.ची हलकी इन्सास नव्वदच्या दशकात आली. १९९९मध्ये कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी झाल्या. २०१९मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार झाला, तो पुन्हा एसएलआरच्याच काडतुसासाठी. लांबवर जोरदार लागणाऱ्या गोळीची गरज संपलेली नव्हती.

लष्करात निदान बदल होत राहिले. पोलिसांच्या वाट्याला काय आलं? २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर अतिरेक्यांच्या एके-४७समोर आपल्या पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्री आणि लाठ्या होत्या. लष्करानं १९६३मध्ये केलेली निवड ४५ वर्षांनंतरही त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती, याचा संताप अजून जात नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी जुन्या रायफलीला निरोप दिला तो थेट २०२०च्या प्रजासत्ताकदिनी. तिच्या जागी इन्सास आली, आणि सोबत तीच साठच्या दशकातली एसएलआर.