दोन गाड्यांची चाल

अकलूजच्या घोडेबाजारातला जाणता गिऱ्हाईक प्रथम जनावराचे दात पाहतो, मग खूर पाहतो आणि अखेरीस, विक्रेत्याच्या स्तुतिपाठाकडे साफ दुर्लक्ष करून, "जरा चालवून दाखवा," एवढेच म्हणतो. गावातल्या एका गॅरेजात शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन जुन्या मोटारींची तुलना करण्याचा योग आला, तेव्हा मीही तोच दंडक पाळला.

एक होती अँबॅसिडर मार्क टू, दुसरी फियाट ११०० डिलाइट. पहिलीचे जन्मस्थान कलकत्त्यानजीकचे उत्तरपाडा, तर दुसरीचे मुंबईतले कुर्ला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना. ही कंपनी १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरात जन्मले, आणि त्यांच्या नावाचे वालचंदनगर तर इथून नीरेपलीकडेच आहे. तेव्हा या मुलखात फियाटविषयी थोडा आप्तभाव असला तर नवल नाही.

परंतु आप्तभाव हा पुरावा नव्हे. अँबॅसिडरचे इंजिन १४८९ सीसीचे, शक्ती सुमारे ५० हॉर्सपॉवर आणि वजन सुमारे ११०० किलो. फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे, शक्ती सुमारे ४० हॉर्सपॉवर आणि वजन ९०० किलोच्या आसपास. भागाकार केला, तर दोहोंच्या वाट्याला टनामागे साधारण ४५च घोडे येतात. कागदावर सामना बरोबरीत सुटला.

निघण्यापूर्वी मिस्त्रींनी दोन्ही गाड्यांची बॉनेटे उघडून पेट्रोलपंपांवर ओले फडके घातले, कारण फाल्गुनातल्या दुपारी पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि भर रस्त्यात गाडी अडून बसते. गिअर दोन्हींचे स्टिअरिंगखालच्या दांड्यावर, आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश कोणातच नाही. "पयल्यात टाकायच्या आधी गाडीला जरा दम खाऊ द्या, सायेब," मिस्त्रींनी बजावले. मी उतावीळपणा केला, तेव्हा दातांची जी करकर कानी आली, तिने त्या उपदेशाचा अर्थ पुरता पटला.

एकट्याने चालवताना फियाट तरतरीत वाटली. दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांना बगल देताना तिची ३९३ सेंटिमीटरांची आटोपशीर लांबी कामी आली. कॅनॉलकडेच्या उखणलेल्या वाटेवर मात्र अँबॅसिडरने आपली प्रतिष्ठा राखली: तिची चाके १५ इंची, फियाटची १४ इंची, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २४६ सेंटिमीटर, फियाटचे २३४, जो खड्डा फियाटने कमरेपर्यंत कळवला, तो अँबॅसिडरने निमूटपणे पोटात घातला.

मग प्रत्येकीत पाच माणसे बसवली, आणि कागदावरची ती बरोबरी मोडली. साडेतीनशे किलोंच्या भाराने अँबॅसिडरच्या वाट्याचे घोडे टनामागे ३४वर आले, फियाटचे ३२वर; ज्या चढावर अँबॅसिडर चौथ्यातच गुरगुरत निघून गेली, तिथे फियाटला तिसऱ्यात उतरावे लागले. हलक्या जनावराला पाठीवरचे ओझे अधिक जाणवते, हे बाजारातल्या गिऱ्हाइकाला कोणी भागाकार करून सांगावे लागत नाही.

निवाडा द्यायचा तर एवढाच: एकट्यादुकट्याने हौसेखातर फिरायचे असेल त्याने फियाट घ्यावी, आणि घरची मंडळी घेऊन पंढरपूरला जायचे असेल त्याने अँबॅसिडर, मात्र घेण्यापूर्वी ती भरल्या गाडीनिशी चालवून पाहावी.