जुन्या व्हिडिओ गेमचा संग्रह आणि संग्राहकाची मर्यादा

नाणी, पोथ्या किंवा टपालाची तिकिटे जमविणाऱ्याला जी चिंता सहसा बाधत नाही, ती जुन्या व्हिडिओ गेमच्या संग्राहकाला फार लवकर ग्रासते. त्याचा जिन्नस नुसता पाहावयाचा नसून चालवावयाचा असतो. आणि तो चालवावयाचा तर यंत्र, यंत्राला अनुरूप टीव्ही संच, अडॅप्टर, कंट्रोलर असा सारा सरंजाम कार्यक्षम ठेवावा लागतो. कॅसेटींच्या संख्येबरोबर हा सरंजाम वाढत जाऊन अखेर घरातील जागा, गाठीचा पैसा आणि, सर्वांत मोलाचे म्हणजे, प्रत्यक्ष खेळण्याचा अवकाश, या तिहींवर अतिक्रमण करतो. हौसेचा अतिरेक हे या आपत्तीचे कारण म्हणून सांगितले जाते. मला मात्र दुसऱ्याने केलेली फेरिस्त आपली म्हणून स्वीकारणे, हेच तिचे मूळ वाटते.

ही फेरिस्त म्हणजे बहुधा एखाद्या यंत्रासाठी निघालेल्या सर्व खेळांची यादी. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानात फॅमिकॉम हे यंत्र विक्रीस आणले आणि १९८५ साली तेच यंत्र, बाह्यरूप पालटून, एनईएस या नावाने अमेरिकेत नेले. पहिल्यासाठी हजाराहून अधिक, तर अमेरिकेतील दुसऱ्यासाठी सहाशेंहून अधिक अधिकृत खेळ निघाले. पूर्ण संचाचा संकल्प सोडणाऱ्याला त्यांतील असे कित्येक खेळ विकत घ्यावे लागतात, की जे तो एकदाही यंत्रात घालणार नाही. १९९० सालच्या निन्टेन्डो जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या कॅसेटी तर करड्या ९० आणि सोनेरी २६ एवढ्याच निघाल्या. त्यांना संचात गणावयाचे ठरविल्यास संकल्प जवळजवळ असाध्यच होतो. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४' या खेळाचा एक मोहोरबंद डबा अमेरिकेतील लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेला. ज्याची मोहोर फोडताच किंमत ढासळते, तो डबा संपत्ती म्हणून कितीही मौल्यवान असो. खेळाच्या संग्राहकाने त्या बाजाराकडे पाठ फिरवावी, हे उत्तम.

स्वतःची फेरिस्त कशी करावी, याचे मला अतिशय प्रिय असलेले उदाहरण गुनपेई योकोई या कल्पक अभियंत्याच्या कृतींचे आहे. १९६५ साली निन्टेन्डोत रुजू झालेल्या या गृहस्थाचे सूत्र असे होते की, जुने झालेले, स्वस्त आणि कसोटीस उतरलेले तंत्रज्ञान घेऊन त्याला अनपेक्षित उपयोगास लावावे. १९८० पासूनचे गेम अँड वॉच हे खिशात मावणारे खेळ याच सूत्रातून निघाले. त्याच मालिकेतील १९८२ च्या 'डाँकी काँग'मधील अधिक चिन्हासारखी दिशाकळ पुढे बहुतेक साऱ्या कंट्रोलरांनी उचलली. आणि १९८९ चा गेम बॉय, रंगीत पडदा असलेले प्रतिस्पर्धी समोर असतानाही, चार पेन्सिल सेलांवर दीर्घकाळ चालणाऱ्या आपल्या रंगहीन पडद्याच्या बळावर विजयी ठरला. १९९५ चा व्हर्च्युअल बॉय मात्र साफ फसला; त्याच्यासाठी जगभर मिळून अवघे २२ खेळ निघाले. यश आणि अपयश शेजारी शेजारी मांडणारे हे लहानसे दप्तर एका कपाटात मावते आणि एका मनुष्याच्या बुद्धीची वाटचाल त्यातून उलगडते. हजार कॅसेटींच्या भिंतीपुढे उभे राहून हा बोध होणार नाही.

संख्या आवरण्याचे दुसरे कारण जतनाचे आहे. 'लेजंड ऑफ झेल्डा'च्या अमेरिकी कॅसेटीत, आणि नंतरच्या अनेक कॅसेटींत, खेळाची प्रगती राखण्यासाठी बटणासारखा सेल डाखलेला असतो; तो संपला की मूळ खेळ शाबूत राहतो, परंतु राखलेली प्रगती पुसली जाते. १९९९ च्या 'पोकेमॉन गोल्ड' व 'सिल्व्हर' या खेळांत घड्याळही त्याच सेलावर चालत असल्याने तो लवकर क्षीण होतो. सेगा कंपनीच्या गेम गिअर या यंत्रातील कपॅसिटर वयोमानाने पाझरून पडदा आणि आवाज मंदावतात. 'डक हंट'ची बंदूक तर जुन्या काचनळीच्या टीव्हीवाचून निकामीच. बाजारात नकली पोकेमॉन कॅसेटींचा सुळसुळाट असल्यामुळे खरेदीपूर्वी आतील पट्टी तपासणेही अगत्याचे. तीस कॅसेटींची निगा एक मनुष्य राखू शकतो. पाचशेंची राखू शकेल, असे मला वाटत नाही.

महाराष्ट्रातील संग्राहकाला आणखी एक मर्यादा जन्मतःच लाभलेली आहे, आणि तिचा त्याने अभिमानाने स्वीकार करावा. १९९० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत जे व्हिडिओ गेम पोहोचले, ते बव्हंशी फॅमिकॉमच्या नकला होते. त्यांच्या कॅसेटी जपानी पद्धतीच्या साठ पिनांच्या, अमेरिकी बहात्तरांच्या नव्हेत. एका कॅसेटीत हजारो खेळ असल्याचे वेष्टणावर छापलेले असे आणि आत मोजकेच खेळ पुनःपुन्हा येत. तरी 'काँट्रा' आणि 'मारिओ' एका पिढीला भेटले ते याच मार्गाने. कंपनीच्या अधिकृत यादीत या वस्तूंना स्थान नाही, म्हणूनच त्यांचा दाखला येथील माणसांनीच ठेवावयास हवा.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज रीतसर विक्रीत उपलब्ध नाहीत. तेव्हा खासगी संग्रहाचे कार्य किरकोळ खचित नाही. वाचकांच्या माळ्यावर एखादी जुनी कॅसेट पडून असेल, तर ती रद्दीत देऊ नये. तिच्यासमवेत ती कोठून, कोणत्या साली आणि किती रुपयांस घेतली, याची चिठ्ठी घालून कोरड्या जागी ठेवावी, आणि स्वतःला हौस नसेल तर ती चालवून पाहणाऱ्या एखाद्या संग्राहकाच्या स्वाधीन करावी.