शेतकरी झाला, शिपाई झाला. आमदार का नाही? भोकरदनचे १९वे शतक

अब्राहम लिंकन हे शेतकऱ्याचे पोर. १८३२ मध्ये ब्लॅक हॉक युद्धात ते स्वयंसेवक म्हणून गेले, तेव्हा तुकडीतल्या गड्यांनीच मते देऊन त्यांना कप्तान केले. त्याच वर्षी ते इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक हरले आणि १८३४ मध्ये जिंकले. नांगर, बंदूक, मग आमदारकी. तिकडे अशी वाट होती, अर्थात फक्त गोऱ्या पुरुषांसाठी.

त्याच शतकात भोकरदनच्या शेतकऱ्याला ही वाट होती का?

नांगर होताच. बंदूकही लांब नव्हती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज केळणा नदीकाठी भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेली होती; भोकरदनच्या बाजूला घोडदळ, असईकडे पायदळ आणि तोफा. इंग्रज सेनापती वेलस्लीने लढाई जिंकली, पण त्याचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. गंमत म्हणजे शिंद्यांच्या कवायती पलटणींत उत्तर हिंदुस्थानी शिपाई मोठ्या संख्येने होते. शेते मात्र इथल्यांची तुडवली गेली.

पुढे जालन्यात हैदराबाद कंटिंजंटची छावणी आली. म्हणजे शिपाईगिरीही जवळच होती.

अडले ते तिसऱ्या पायरीवर. भोकरदन निजामाच्या राज्यात होते. दिवाण सालारजंग यांनी १८६५च्या सुमारास जिल्हे आखले, महसुलाची घडी बसवली. सरकारी दप्तरात शेतकरी आला तो सारा भरणारा म्हणून. १८९३ मध्ये हैदराबादेत कायदे कौन्सिल सुरू झाले, पण गावच्या शेतकऱ्याला मत नव्हते. ज्याच्या जमिनीचा कायदा व्हायचा, त्याला विचारायची रीतच नव्हती.

ही रीत बदलायला सप्टेंबर १९४८ची पोलीस कारवाई व्हावी लागली. १९५२ मध्ये प्रौढ मतदानाने हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांची निवडणूक झाली. बायकांनाही मत मिळाले, जे लिंकनच्या इलिनॉयमध्ये नव्हते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला.

१९९० आणि १९९५ मध्ये भोकरदनमधून विधानसभेत गेलेले रावसाहेब दानवे शेतकरी कुटुंबातलेच. लिंकन पहिल्यांदा आमदार झाले, त्याला तेव्हा दीडशे वर्षे उलटून गेली होती.