दानाच्या दुकानात भाव कसा लावावा?

व्यापारी बांधवांनो, वरसाव्याच्या नाक्यावरून आपल्यापैकी अनेकांचे रोज जाणे-येणे असेल. ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता येथेच मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो आणि पुढे वसईच्या खाडीवरचा पूल लागतो. २०२३ साली नवा पूल सुरू झाला, तरी कोंडीच्या तक्रारी काही संपल्या नाहीत. असो. याच परिसरातील एका गाळ्यात काही तरुणांनी जुन्या कपड्यांचे दुकान काढले. घरोघरचे वापरण्याजोगे कपडे गोळा करायचे, अल्प किमतीत विकायचे आणि आलेल्या पैशातून गरीब मुलांची फी भरायची, अशी त्यांची योजना. कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली म्हणून भाव लावण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही मोठ्या ऐटीत होकार दिला. ती ऐट किती दिवस टिकली ते सांगण्यासाठीच हा लेख.

सुरुवातीला कपडे फुकटच वाटले. दोन दिवस झुंबड उडाली. ज्याच्या हाती जे लागले ते त्याने नेले. चौथ्या दिवशी त्यातलेच काही कपडे नाल्याच्या कडेला पडलेले दिसले. पोरे चिडली, लोकांना कदर नाही म्हणाली. आम्हालाही तसेच वाटले. मग जवळच्या पाड्यावरची एक आदिवासी बाई मुलाचा शर्ट परत घेऊन आली. शर्ट तिच्या मुलाला दोन बोटे आखूड होता. ती म्हणाली, "फुकट नको शेठ. पैसे देते, पण मापाचा द्या."

आमच्या पेढीवर गिऱ्हाईक आले की आम्ही पंचवीस थान उलगडून दाखवतो. येथे मात्र कोणाचे माप विचारायचे आम्हाला सुचले नव्हते. फुकट वस्तूला माप कशाला, असेच आमच्या मनात होते ना?

मग ठरले की कोणताही नग वीस रुपये. फळ्यावर तसे लिहिले. ही आमची दुसरी चूक. पहिल्याच सकाळी दोन बोहारणी आल्या आणि अर्ध्या तासात जरीच्या साड्या, कोट आणि न वापरलेले सलवार-सूट निवडून गाठोडी बांधून घेऊन गेल्या. उरली ती विटलेली झबली आणि तुटक्या चेनच्या पँटी. पोरांनी बोहारणींना हाकलायचे ठरवले. येथे मात्र आम्ही आडवे पडलो. स्टीलच्या पातेल्यावर जुनी साडी घेणारी ही बाई म्हणजे या धंद्यातील खरी जाणकार. दिल्लीच्या रघुबीर नगरात याच वाघरी समाजातील लोकांचा जुन्या कपड्यांचा बाजार पहाटेच्या अंधारात भरतो आणि तेथून माल दूरदूरच्या गावांत जातो. कापडाचा पोत, शिलाई, डाग, रंग जाईल की राहील, हे सारे ती बोटांनी ओळखते. दोष तिचा नव्हता. वीस रुपयांत कोट देणाऱ्याचा होता.

आम्ही त्यांच्यातल्याच एकीला बसवून घेतले, चहा पाजला आणि विचारले, मावशी, हा ढीग तुम्ही कसा वेगळा कराल? तिने आमच्यासमोर चार ढीग केले. पहिल्यात घडी न मोडल्यासारखा माल, दुसऱ्यात रोजच्या वापराचा, तिसऱ्यात जो टाके घालून, बटण लावून उभा राहील तो. चौथा नुसत्या सुती चिंध्यांचा. महामार्गालगत गॅरेजांची काय कमी? इंजिन आणि हात पुसायला त्यांना सुती चिंधी लागते, ती किलोवर जाते. आम्ही ज्याला कचरा समजून फेकत होतो, त्यातून दुकानाचे विजेचे बिल निघू लागले.

आता भाव असे आहेत. रोजच्या वापराचे कपडे वीस ते चाळीस रुपये. पहिल्या ढिगातील माल मात्र बाजारात तशाच नव्या मालाचा जो भाव असेल त्याच्या साधारण चौथाईने. तो कोणीही घ्यावा, बोहारणीने, मोटारीतून येणाऱ्यानेही. त्या पैशावरच स्वस्त माल स्वस्त राहतो. इंग्लंडात ऑक्सफॅम या संस्थेने १९४०च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर असेच दुकान उघडले, ते आजही आहे. तेथेही विक्रीचा हेतू गोरगरिबाला कपडा पुरवणे एवढाच नसून मदतकार्यासाठी पैसा उभारणे हा असतो. गरिबाला कपडा की फंडाला पैसा, हे आधी ठरवावे लागते, नाहीतर भावही ठरत नाही.

मग एक प्रसंग असा घडला की आम्हाला आजही त्याची शरम वाटते. नियम असा नव्हता, पण गल्ल्यावरच्या एका तरुणाने एका बुरख्यातील बहिणीला विचारले की आपण खरोखर गरजू आहात का, रेशन कार्ड आहे का. तिने हातातला फ्रॉक गल्ल्यावर ठेवला आणि निघून गेली. आम्ही तेथेच बसून बिले पाहत होतो आणि गप्प राहिलो. उपकार जाणवून देऊन, मन दुखवून आपले दान वाया घालवू नका, अशी कुरआनात स्पष्ट ताकीद आहे. आम्ही ती लहानपणापासून मदरशात ऐकत आलो. तिचा अर्थ त्या दिवशी कळला. ती बहीण पुन्हा आली नाही.

दिल्लीच्या 'गूंज' संस्थेचे अंशू गुप्ता यांनी १९९९ पासून हाच प्रश्न वेगळ्या वाटेने हाताळला. गावकरी मिळून विहीर खोदतात, रस्ता बांधतात आणि त्या श्रमाच्या बदल्यात कपडे घेतात. भीक म्हणून नव्हे. २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याच समाजातील कमिला तय्यबजी यांनी १९६८ साली मुंबईत विमेन्स इंडिया ट्रस्ट स्थापन केली. गरजू स्त्रियांना शिवणकामासारखी कौशल्ये शिकवायची आणि त्यांनी बनवलेला माल दुकानात विकायचा. पनवेलला त्यांचे केंद्र आहे. माल गरिबाने शिवला म्हणून गिऱ्हाईक एकदा घेईल, दुसऱ्यांदा तो शिलाई पाहूनच घेईल.

शिलाईवरून मालातील खोटीची गोष्ट निघते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतून ओल लागली, आणि ओला भाग वर का ठेवला नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपण सर्वच जाणतो. दान आलेल्या मालाला तीच लागू आहे. आमच्या दुकानात आता डाग असेल तेथे खडूची खूण करतात आणि भाव त्याच वेळी कमी करतात. तीन दिवसांत बदलून मिळते. घासाघीस मात्र आम्ही बंद केलेली नाही. पोरांना एकच भाव हवा होता. आमचे म्हणणे पडले की पाच रुपये कमी करून घेणारी बाई सौदा करून जाते, हात पसरून नव्हे. गल्ल्यावरच्याला नगामागे पाच रुपयांपर्यंत सूट द्यायची मुभा आहे, कारण न विचारता.

दोन कायद्याच्या बाबी. जकातीची रक्कम या दुकानाच्या सवलतीत धरू नये. हनफी उलेमांच्या मते जकात हक्कदाराच्या मालकीत जायला हवी, स्वस्त विकणे म्हणजे ते नव्हे. कपडे देणाऱ्यालाही आधी सांगावे की हे विकले जातील. शंका असेल तर आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. दुसरे, ट्रस्ट धर्मादाय आहे म्हणून मालाच्या विक्रीला जीएसटी माफ होत नाही. केवळ माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. आपली दुकाने त्याच्या आसपासही नसतात, तरी वही पहिल्या दिवसापासून लिहावी.

एक तक्रार अजून मिटलेली नाही. नाक्यावर हातगाडीवर नवे लहान मुलांचे कपडे विकणारा एक भाऊ आम्हाला म्हणाला, "चाचा, तुमच्या सवाबाने माझी रोजी गेली." त्याचे म्हणणे खोटे नाही. सध्या ईदच्या आधीचे पंधरा दिवस दुकानात लहान मुलांचे कपडे काढायचे नाहीत, एवढेच ठरले आहे. त्याला ते पुरेसे वाटत नाही, पोरांना ते फार वाटते. आम्ही अधेमधे बसलो आहोत.

गेल्या महिन्यात भिंतीला एक उंच आरसा लावला आणि कोपऱ्यात पडदा. आता बायका कपडा अंगाला लावून पाहतात, पाठमोऱ्या होतात, दोघी-तिघी मिळून हसतात. पेठेतील बांधवांना एवढीच विनंती की गोदामात अडकलेला जुना माल पाठवणार असाल तर बटणे लावून आणि माप लिहून पाठवावा.