आधी पेट्रोल, मग बूस्ट

रेनॉ 5 जीटी टर्बो 1985 साली आली तेव्हा तिचे इंजिन मुळात जुनेच होते. नॉर्मंडीतल्या क्लेओं कारखान्यात 1962 पासून तयार होणाऱ्या बिडाच्या इंजिनाचे ते 1397 सीसीचे रूप. व्हॉल्व्ह अजून पुशरॉडवरच उघडत. त्याला गॅरेटचा टी2 टर्बो जोडून रेनॉने 115 अश्वशक्ती काढली, तीही साडेआठशे किलोंच्या आसपास वजनाच्या गाडीत. 1977 पासून फॉर्म्युला वनमध्ये टर्बो पळवणाऱ्या या कंपनीने इथे इंजेक्शन न देता एकच सोलेक्स कार्ब्युरेटर ठेवला. मला ही गाडी आवडते ती त्यामुळेच. हवा आणि पेट्रोलाचा हिशोब इतक्या उघडपणे दुसऱ्या कुठल्या टर्बो गाडीत क्वचितच हाताला लागतो.

इथे टर्बो कार्ब्युरेटरच्या आधी येतो. दाबलेली हवा इंटरकूलरमध्ये निवते आणि मग कार्ब्युरेटरच्या तोंडात शिरते. फ्लोट चेंबरमध्ये मात्र बाहेरच्या हवेचाच दाब राहिला, तर जेटमधून पेट्रोल वर चढणार नाही. म्हणून चेंबरलाही बूस्टचा दाब द्यावा लागतो, आणि पंपाला त्या दाबावर मात करून पेट्रोल आत ढकलावे लागते. बूस्ट 0.7 बार असेल तर पेट्रोलचा दाब एक बारच्या आसपास हवा. हा फरक रेग्युलेटर राखतो, बूस्टला जोडलेल्या एका बारीक रबरी नळीच्या जोरावर. ती नळी तडकली तरी गाडी शहरात छान चालते. चढावर पूर्ण थ्रॉटल दिला की चेंबर कोरडा पडू लागतो, आणि पिस्टन जातो तो तेव्हाच.

नळ्या धड असल्या तरी एक अडचण उरतेच, ती कार्ब्युरेटरच्या स्वभावातली. हवा दाट होते त्या प्रमाणात तो पेट्रोल वाढवत नाही, घनतेच्या वर्गमुळाइतकेच वाढवतो. जुन्या गाड्या लेहला काळा धूर सोडत, त्यामागे हाच नियम होता. तिथे हवा विरळ, म्हणून मिक्श्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. बूस्टमध्ये उलटे घडते. घनता दीडपट झाली की गरजेपेक्षा सुमारे 18 टक्के पेट्रोल कमी पडते. एक भाग पेट्रोलाला साडेबारा भाग हवा असे बसवलेले मिक्श्चर पंधराच्या पुढे सरकते. जिथे उष्णता सर्वाधिक, तिथेच लीन, म्हणजे पेट्रोल कमी.

मोठा जेट हा सोपा उपाय वाटतो. जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शतांशात. 130 काढून 140 बसवला की भोकाचे क्षेत्रफळ 16 टक्के वाढते. पण मग बूस्ट नसतानाही गाडी तेवढेच जास्त पेट्रोल पिते, पिकअप जड होतो, प्लग काळे पडतात. म्हणून दाब चढल्यावरच उघडणारी जादा पेट्रोलची वेगळी वाट लागते, आणि जेट व ती वाट यांची सांगड घालण्यात ट्यूनरचा सगळा वेळ जातो. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड लॅम्डा सेन्सर लावून, वरच्या गिअरमध्ये इंजिनावर पूर्ण भार ठेवून आकडे पाहायचे. पूर्ण बूस्टला 11.5 ते 12.5 दिसायला हवेत. सेन्सर असला तरी प्लग काढून पाहावेतच. चार सिलिंडरना एकच कार्ब्युरेटर पेट्रोल वाटतो आणि वाटणी कधीच अगदी सारखी होत नाही. सेन्सर सरासरी सांगतो, प्लग ज्याचे त्याचे सांगतो.

बूस्ट वाढवणे त्यामानाने अगदीच सोपे. बूस्टवर मर्यादा ठेवणाऱ्या वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरकडे जाणाऱ्या नळीत छोटा ब्लीड व्हॉल्व्ह बसवून थोडी हवा बाहेर सोडली की ॲक्च्युएटरला खरा दाब कळत नाही आणि वेस्टगेट उशिरा उघडते. स्क्रू थोडा फिरवला की गाडी लगेच वेगळी वाटते. या सोपेपणानेच असंख्य हेड गॅस्केट उडाली आहेत. पेट्रोल पुरते आहे याची खात्री झाल्याशिवाय त्या स्क्रूला हात लावू नये, आणि लावल्यावर टायमिंग व नॉकिंग दोन्ही पुन्हा तपासावे.

या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, त्यामुळे तापलेली गाडी बंद केली की टर्बोची धग कार्ब्युरेटरला लागते, आतले पेट्रोल उकळते आणि गाडी पुन्हा चालू व्हायला छळते. 1987 च्या सुधारित आवृत्तीत टर्बोला पाण्याचे कूलिंग मिळाले, ताकदही 120 अश्वशक्तीवर गेली. दोन वर्षांनी, 1989 मध्ये, आलँ ओरेय यांनी आयव्हरी कोस्टच्या उकाड्यात हीच गाडी चालवून जागतिक रॅली अजिंक्यपदाची फेरी जिंकली. ग्रुप एनच्या गाडीने अशी फेरी जिंकल्याचे दुसरे उदाहरण नाही. त्या गटात कारखान्यातून निघालेल्या गाडीत फारसे बदल चालत नसत, त्यामुळे ओरेय यांच्या गाडीतही कार्ब्युरेटरच होता.