बाथरूमचे काम काढताय? खिडकी आणि मांडणी ठरवण्याआधी हे वाचा

"डॉक्टर, बाथरूम नवीन करून घेतोय. आईसाठी काही वेगळं करायला हवं का?" हा प्रश्न काम सुरू होण्याआधी क्वचितच कोणी विचारते. बहुतेक वेळा तो कोणीतरी पडल्यावर येतो, आणि तोवर टाइल्स बसलेल्या असतात. नळ, आरसा, रंग नंतरही बदलता येतात. खिडकी, दार आणि कमोडची जागा मात्र एकदा ठरली की वर्षानुवर्षे तशीच राहते. म्हणून या तीन गोष्टींचा विचार घरच्यांच्या प्रकृतीच्या दृष्टीने आधीच करावा.

खिडकी बुजवू नका

नूतनीकरणात पहिला बळी जातो तो खिडकीचा. कपाटासाठी जागा हवी, शेजारून दिसते, थंडीत वारे येते, अशा कारणांनी ती लहान केली जाते किंवा काच लावून कायमची बंद केली जाते. नॅशनल बिल्डिंग कोडनुसार बाथरूमला बाहेरच्या हवेत उघडणारी किमान 0.37 चौरस मीटरची, म्हणजे साधारण 4 चौरस फुटांची खिडकी किंवा झरोका असावा.

घरात गॅस गिझर असेल तर हा जिवाचा प्रश्न होतो. बंद जागेत गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नसतो, वासही नसतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो; तो आला नाही म्हणजे सगळे ठीक, असे समजू नका. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. हातपाय गळून जातात, आणि कडी काढण्याचेही त्राण उरत नाही.

आंघोळीला गेलेली धडधाकट व्यक्ती बेशुद्ध सापडते, कधी झटका आल्यासारखी दिसते, आणि घरच्यांना फिट किंवा हार्ट अटॅक वाटतो.

म्हणून काम काढलेच आहे तर गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी लावून घ्या आणि आत फक्त गरम पाण्याची पाइप आणा. एक्झॉस्ट फॅन हा यावर पर्याय नाही. दार-खिडकी बंद असताना फॅनला बाहेर टाकायला हवा येणार कुठून? उलट जळलेला वायू आत ओढला जाऊ शकतो.

इलेक्ट्रिक गिझर असला तरी खिडकी हवीच. ओलावा साचला की भिंतींवर आणि छतावर बुरशी धरते. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना त्याचा त्रास होतो. अशा घरात एक्झॉस्ट फॅनही उपयोगी आहे. हवा आत यावी म्हणून दाराखाली बोटभर फट ठेवा.

आडोशासाठी धुरकट काचेच्या पट्ट्यांची खिडकी चांगली. दिसत नाही आणि हवा खेळती राहते. ती जमिनीवर उभे राहून उघडता आली पाहिजे. कमोडवर किंवा स्टुलावर चढून उघडावी लागणारी खिडकी ज्येष्ठांसाठी धोक्याची असते.

मांडणी: पलंगापासून कमोडपर्यंत

मधुमेह, प्रोस्टेटचा त्रास किंवा पाणी कमी करणाऱ्या गोळ्या असतील तर रात्री दोन-तीनदा उठावे लागते. झोपेतून एकदम उठल्यावर रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात ओली फरशी ओलांडायची असेल तर खुब्याचे हाड मोडायला एक घसरणे पुरते.

- कोरडी बाजू दाराजवळ: आत शिरताच बेसिन, मग कमोड आणि शेवटी आंघोळीची जागा ठेवा. पाण्याचा उतार दाराकडे येऊ देऊ नका.
- दार: बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत पडलेल्या माणसामुळे आत उघडणारे दार अडते आणि मदत पोचत नाही. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी घ्या. वॉकर जाईल एवढी रुंदी ठेवा.
- उंबरठा: शक्यतो नकोच. हवाच असेल तर कमी उंचीचा आणि वेगळ्या रंगाचा.
- कमोड: बसल्यावर पाऊल पूर्ण टेकावे आणि गुडघा फार दुमडू नये. बहुतेकांना बैठकीची 17 ते 19 इंच उंची सोयीची पडते.
- आधाराचे दांडे: कमोडशेजारी आणि शॉवरजवळ भिंतीत पक्के बसवा. टॉवेलचा रॉड माणसाचे वजन पेलत नाही. टाइल्स लागण्याआधीच जागा सांगितली तर भिंत मजबूत करून घेता येते.
- दिवा: बटण दाराबाहेर, हाताच्या उंचीवर. वाटेत रात्रभर मंद दिवा ठेवा.

एक सोपा प्रयोग करा. काम सुरू होण्याआधी कमोडच्या ठरलेल्या जागी खुर्ची ठेवून आईला किंवा वडिलांना बसून उठायला सांगा. उठताना हात आपोआप जिथे जातो तिथे भिंतीवर खडूने खूण करा. दांडा तिथेच बसवा.

आंघोळीला गेलेले माणूस आवाज देत नसेल तर

दार उघडा किंवा तोडा. गॅस गिझर बंद करा, खिडक्या उघडा, व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. श्वास चालत नसेल तर छाती दाबण्यास सुरुवात करा. स्वतः आत रेंगाळू नका. शुद्ध आली तरी रुग्णालयात न्या आणि "गॅस गिझर चालू होता" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगला दाखवू शकतो, कारण त्याला हिमोग्लोबिनवर बसलेला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. त्यावर विसंबून घरी थांबू नका.

आंघोळीनंतर वारंवार डोके दुखत असेल, चक्कर येत असेल, आणि घरातील दुसऱ्या कोणालाही तसेच होत असेल, तर काम पूर्ण होण्याची वाट पाहू नका. गॅस गिझर आजच बंद करा आणि डॉक्टरांना भेटा.